कदमरावाचा पोपट आणि टॉल्किनचा बुरूज

गेल्या मे महिन्यात माझी भाची सुट्टीला आशागडला आली होती. डहाणूहून चारोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे आमचं गाव. दुपारी वीज गेली की ओट्यावर येऊन बसायचं, दुसरा इलाज नाही. भाची अकरावीत आहे. तिच्या हातात विटेएवढं जाड इंग्रजी पुस्तक होतं, जे. आर. आर. टॉल्किनचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. एके दुपारी पुस्तक मांडीवर पालथं ठेवून तिनं विचारलं, "मामू, आपल्याकडे असं काही का नाही लिहिलं कुणी?"

इतिहासावर लिहिणाऱ्या माणसाला असा प्रश्न म्हणजे आयतं आमंत्रण. मी म्हटलं, "लिहिलंय की! सहाशे वर्षांपूर्वी." आणि सुरू झालो. बहमनी काळ, सुलतान अहमदशाह वली, फख्रुद्दीन निजामी नावाचा कवी, त्याची 'कदमराव पदमराव' ही मसनवी, दख्खनीतलं आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं दीर्घकाव्य. एकच हस्तलिखित उरलंय, ते कराचीत आहे, जमील जालिबींनी ते 1973 साली संपादित करून छापलं. कवी मुसलमान, पण पात्रांची नावं कदमराव आणि पदमराव. भाषेत फारसी शब्द कमी आणि देशी शब्द भरपूर. दख्खनची संस्कृती मिश्र होती, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते ठीक आहे. पण गोष्ट काय आहे?"

"एक राजा असतो, तो पोपटाच्या शरीरात जातो."

"मग?"

मला पुढचं नीट सांगता येईना. या मसनवीचा दाखला मी माझ्या दोन लेखांत दिला आहे, एका भाषणातही दिला आहे. सनावळी पाठ, हस्तलिखिताचा पत्ता पाठ. पण त्या पोपटाचं पुढे काय झालं, हे सांगण्याची वेळ आजवर आली नव्हती, कारण ते मला कुणी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी लाज वाटली. हा लेख त्या लाजेतून आलाय.

टॉल्किननं काय केलं?

टॉल्किन हा पेशानं कादंबरीकार नव्हता. 1925 पासून तो ऑक्सफर्डमध्ये जुन्या इंग्रजी भाषेचा प्राध्यापक होता. त्याच्या गोष्टींचा कच्चा माल तिथलाच. 'द हॉबिट' 1937 साली आलं. त्यातल्या बुटक्यांची नावं, इतकंच काय गॅन्डाल्फ हे नावही, त्यानं जुन्या नॉर्स काव्यातल्या एका यादीतून उचललं. झोपलेल्या ड्रॅगनच्या खजिन्यातून एक पेला चोरीला जातो आणि ड्रॅगन खवळतो, हा प्रसंग 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्यातला. फिनलंडमध्ये एलियास ल्योनरोट नावाच्या डॉक्टरनं गावोगाव पायी फिरून लोकगीतं जमवली आणि 1835 साली 'कालेवाला' छापलं, त्याचाही टॉल्किनवर मोठा प्रभाव.

'बेओवुल्फ'चंही हजारेक वर्षांपूर्वीचं एकच हस्तलिखित उरलंय. 1731 साली लंडनमध्ये ते ज्या संग्रहात होतं तिथे आग लागली आणि पानांच्या कडा जळाल्या. पुढे विद्वानांनी त्याचा कसून अभ्यास केला. पण कशासाठी? जुन्या जर्मन टोळ्यांचा इतिहास मिळावा, भाषेची रूपं मिळावीत, चालीरीती समजाव्यात यासाठी. त्यातले राक्षस आणि ड्रॅगन मात्र या मंडळींना अडचणीचे वाटत. इतक्या थोर कवीनं असल्या पोरकट गोष्टी मध्यभागी का ठेवल्या, असा त्यांचा सूर होता.

25 नोव्हेंबर 1936 रोजी ब्रिटिश अकादमीत टॉल्किननं या सुराला उत्तर दिलं. तिथे त्यानं एक दृष्टान्त सांगितला, तो माझ्या शब्दांत असा. एका माणसाला वारशानं एक शेत मिळालं, त्यात जुन्या वाड्याचे दगड पडलेले होते. त्या दगडांचा त्यानं एक बुरूज बांधला. मित्र आले, त्यांनी पाहिलं की दगड जुने आहेत. बुरजाच्या पायऱ्या चढण्याची तसदी न घेता त्यांनी तो पाडला आणि कुठल्या दगडावर काय कोरलंय ते शोधत बसले. शेवटी म्हणाले, काय गोंधळ करून ठेवलाय यानं! पण त्या बुरजावर चढलं की बांधणाऱ्याला समुद्र दिसत असे.

हा दृष्टान्त मी पूर्वी वाचला होता. बुरूज पाडणाऱ्या मित्रांत मीही आहे, हे मात्र भाचीनं पोपटाबद्दल विचारलं तेव्हा कळलं.

पोपटाचं पुढे काय झालं?

तर आता गोष्टच सांगतो.

कदमराव राजाला एकदा एक नागीण हलक्या कुळातल्या सापाबरोबर दिसते. राजाला संताप येतो. तो सापाला मारतो, नागीण शेपटी तुटून निसटते. घरी जाऊन ती नवऱ्याला, म्हणजे पदमराव नागाला, भलतंच सांगते. नाग सूड घ्यायला राजाच्या महालात लपून बसतो. तिथे त्याला राजा आपल्या राणीला खरी हकीकत सांगताना ऐकू येतो. नागाचा राग ओसरतो, तो समोर येतो, आणि पुढे पदमराव कदमरावाचा वजीर होतो.

मग दरबारात अखरनाथ नावाचा जोगी येतो. लोखंडाचं सोनं करून दाखवतो, राजाचं मन जिंकतो, आणि त्याला परकायाप्रवेशाची विद्या शिकवतो. राजा हौसेनं एका मेलेल्या पोपटाच्या देहात शिरतो. राजाचा देह रिकामा पडला आहे, हे पाहून जोगी त्यात शिरतो आणि सिंहासनावर बसतो. खरा राजा आता पोपट आहे. आपल्याच राज्यात तो जीव वाचवत उडतोय आणि त्याला कुणी ओळखत नाही. शेवटी तो पदमरावापर्यंत पोहोचतो, आपली ओळख पटवतो. नाग झोपलेल्या तोतया राजाला दंश करतो, जोगी संपतो, आणि कदमराव आपल्या देहात परततो.

ही गोष्ट मी तिला संध्याकाळी सांगितली. शेजारची तीन-चार पोरंही येऊन बसली होती. पोपट राजवाड्यावर घिरट्या घालतो आणि खाली त्याचाच चेहरा घेऊन दुसरा कुणी हुकूम सोडतो, या जागी सगळे गप्प झाले. ही गप्पगार शांतता मला कुठल्याही परिसंवादात मिळालेली नाही.

दगड कुठून आले हे पाहणं चूक नाही, बुरूज पाडू नये इतकंच. तर तेही सांगतो. नागिणीचा प्रसंग पाली भाषेतल्या खरपुत्त जातकात आहे. तिथेही राजा नागकन्येला पाणसापाबरोबर पाहतो आणि मारतो, तीही खोटी तक्रार करते, नाग येतात आणि राजा राणीला खरं सांगतो ते ऐकतात. मग नागराजा खूश होऊन राजाला सगळ्या प्राण्यांची भाषा समजण्याचा मंत्र देतो. अट एवढीच की मंत्र दुसऱ्याला दिला तर मरण. राणी हट्टाला पेटते, आणि तिला मार देऊन गप्प करण्याचा सल्ला राजाला मिळतो.

या कथेचा हा उत्तरार्ध 'अलिफ लैला'च्या अगदी सुरुवातीला भेटतो. शहरजादनं बादशहाशी लग्न करू नये म्हणून तिचा वजीर बाप तिला जी गोष्ट सांगतो, ती प्राण्यांची भाषा समजणाऱ्या सौदागराची आणि त्याच्या हट्टी बायकोची आहे. तिथे काठीचा सल्ला कोंबडा देतो. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 1861 पासून 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायला सुरुवात केली, तीही इंग्रजीवरून. म्हणजे एकाच कथेचा एक तुकडा बहमनी दरबारात दख्खनीत आला, आणि दुसरा अरबस्तान, फ्रान्स, इंग्लंड असा फेरा मारून पुण्यात मराठीत उतरला.

परकायाप्रवेशाचं तर विचारूच नका. 1819 च्या 'नवनाथ भक्तिसारा'त खुद्द मच्छिंद्रनाथ मेलेल्या त्रिविक्रम राजाच्या देहात शिरतो. तिथे नाथ नायक आहे, निजामीकडे नाथ खलनायक. विद्या तीच.

भाचीला काठीचा सल्ला मुळीच आवडला नाही. "सगळीकडे बायकाच खोटं बोलतात का?" असं तिनं विचारलं. बरोबर विचारलं. जुन्या कथा जशा आहेत तशा वाचायच्या तर त्यांच्याशी भांडावंही लागतं. परिसंवादात 'मिश्र संस्कृतीचा पुरावा' म्हणून मी त्या पुढे करत होतो, तेव्हा हे भांडण कधी उभंच राहिलं नव्हतं.

बैलाचं कातडं

आता जरा घराजवळ येऊ. आमच्या भागात जव्हार संस्थान कसं उभं राहिलं याची एक कथा सांगतात. 1882 च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्येही ती नोंदलेली आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी जव्हार एका वारली नायकाकडे होतं. महादेव कोळी असलेला जयबा मुकणे, ज्याला पौपेरा म्हणत, त्याच्याकडे आला आणि एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. नायक हो म्हणाला. जयबानं कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडल्या आणि सगळ्या ठाण्याला वेढा घातला. वारली नायकाला मग गंभीरगड आणि त्याच्या आसपासचा मुलूख देण्यात आला. हा गंभीरगड आपल्या डहाणू तालुक्यातला. जयबाच्या मुलाला पुढे 5 जून 1343 रोजी दिल्लीहून 'निमशाह' हा किताब मिळाला.

हीच युक्ती रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यात येते. राणी डायडो आफ्रिकेच्या किनाऱ्यावर बैलाच्या कातड्याएवढी जमीन मागते आणि वाद्यांनी वेढून कार्थेज वसवते. बाराव्या शतकात मॉन्मथच्या जेफ्रीनं ब्रिटनच्या राजांचा जो अर्धाकच्चा इतिहास लिहिला, त्यात हेन्गिस्ट हा परका सरदार याच रीतीनं किल्ल्याची जागा मिळवतो. आर्थर राजाची कीर्ती युरोपभर नेणारं पुस्तक ते हेच, म्हणजे आजच्या फॅन्टसीच्या मुळांपैकी एक. ज्या कथेवर इंग्रज पोरं वाढली, ती आमच्या घाटाखाली आधीपासूनच आहे.

गॅझेटियर लिहिणाऱ्यांनी ती एका राजघराण्याची दंतकथा म्हणून नोंदली. अभ्यासक तिच्यात साल शोधतात. पण कार्थेज असो की जव्हार, गोष्ट एकच सांगते: जमीन तलवारीनं नव्हे, शब्दानं गेली. समोरच्यानं शब्दाचा एक अर्थ धरला, घेणाऱ्यानं दुसरा काढला.

ओट्यावर ही कथा सांगितली तेव्हा एका वारली पोरानं विचारलं, "बैल कोणाचा होता?" मला उत्तर देता आलं नाही. कथेत ते कुणी विचारत नाही. पण या तालुक्यात तो प्रश्न शोभतो. इथे लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले की वारली जोडपं कायमचं वेठीला जुंपलं जाई, त्यांना 'लग्नगडी' म्हणत. कागदावर काय लिहिलंय ते अंगठा देणाऱ्याला ठाऊक नसे. 1945 साली तलासरी-डहाणूत गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या साथीनं वारली उठले ते याच्याविरुद्ध. कातड्याच्या वाद्यांची गोष्ट ऐकताना इथल्या माणसाला गंमत कमी वाटते, ओळख जास्त पटते.

डोकं नसलेला घोडेस्वार

टॉल्किननं 1925 साली ई. व्ही. गॉर्डनबरोबर चौदाव्या शतकातलं 'सर गवेन अँड द ग्रीन नाइट' हे काव्य संपादित केलं. त्यात एक हिरवा घोडेस्वार भर मेजवानीत दरबारात येतो, आपलं मुंडकं उडवून घेतो, ते हातात धरतो आणि घोड्यावर बसून निघून जातो. याचंही एकच हस्तलिखित, 1731 च्या आगीत सापडलेल्या त्याच संग्रहातलं. आज ते काव्य जगभर शिकवतात.

डोकं नसलेला घोडेस्वार आमच्याकडेही आहे. वारली लग्नात सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात, मध्ये पालघट देवी, आणि जवळच एका छोट्या चौकोनात पंचशिऱ्या. डोकं नाही, अंगातून धान्याची कणसं फुटलेली, आणि स्वारी घोड्यावर. धवलेरी गाते तेव्हा या देवांच्या कथा त्या गाण्यांतून चालत येतात. या दोन घोडेस्वारांचं काही नातं आहे असा माझा दावा नाही. मला फरक दिसतो तो वेगळाच. एकाची मुखोद्गत कथा कुणीतरी कधीतरी चामड्याच्या पानावर उतरवली, मग प्राध्यापकांनी ती कथा म्हणून वाचली. दुसऱ्याचं चित्र जगभर गेलं, कथा घरीच राहिली.

आशागडच्या शेजारच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार आणि 2011 साली पद्मश्री मिळाली. 2018 साली ते गेले. त्यांची मोठी चित्रं पाहिली तर लक्षात येतं की हा माणूस नुसती नक्षी काढत नव्हता, गोष्टी सांगत होता. आज तीच चित्रं कुर्त्यावर, कपावर, हॉटेलच्या भिंतीवर दिसतात. तारप्याभोवतीचा नाच सगळ्यांना ठाऊक आहे. पंचशिऱ्या कोण, हे विचारणारे थोडे. हाही बुरूज पाडण्याचाच प्रकार, फक्त इथे दगड विकायला काढले आहेत.

गोष्टी कुणाच्या?

मराठी कादंबरीच्या सुरुवातीच्या काळात अद्भुताचा मोठा जोर होता. हळबेंची 'मुक्तामाला' 1861 ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' 1868 ची. पुढे हरिभाऊ आपट्यांनी आपल्या भोवतीचं जग कादंबरीत आणलं आणि ते गरजेचंच होतं. पण त्यानंतर अद्भुत हे पोराटोरांच्या कपाटात गेलं. नाथमाधवांची 'वीरधवल' 1913 साली आली, लोकांनी ती डोक्यावर घेतली, समीक्षकांनी फारशी मनावर घेतली नाही.

वाटणी मग धर्मावरूनही झाली. शाळेत असताना मी वाचनालयातून 'हातिमताई' घेतलं. ते पाहून एक शिक्षक सहज म्हणाले, "हो, ती तुमच्यातली गोष्ट." त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. पण तोवर मला हातिमताई आणि विक्रम-वेताळ एकाच शेल्फवरचे वाटत होते. त्या दिवसापासून दोन शेल्फ झाले. मोठेपणी मी इतिहास लिहू लागलो तो बहुधा हे दोन शेल्फ जोडण्यासाठी. आणि जोडता जोडता मीही कथांना ओळखपत्र करून टाकलं. 'बघा, आमचाही वाटा आहे' एवढंच त्यांच्याकडून वदवून घेतलं.

पुराणकथांना वंशाचा दाखला बनवलं की काय होतं, हे टॉल्किननं जवळून पाहिलं. 1938 साली एका जर्मन प्रकाशकानं 'द हॉबिट'च्या भाषांतरापूर्वी त्याला विचारलं की तुम्ही आर्यवंशाचे आहात का. त्याच्या उत्तराचा मसुदा उपलब्ध आहे. त्यात तो टोमणा मारतो की आर्य म्हणजे हिंद-इराणी, आणि माझ्या पूर्वजांपैकी कुणी हिंदुस्थानी किंवा फारसी बोलत असल्याचं मला ठाऊक नाही. ज्यू पूर्वज नसल्याची मात्र त्याला खंत वाटते.

असं असूनही त्याच्या कादंबरीत शत्रूच्या बाजूनं लढायला हत्तींवर बसून येतात ते दक्षिणेकडचे सावळे लोकच. भाचीच्या हे नजरेत आलं होतं. "ते आपण आहोत का, मामू?" मध्ययुगीन युरोपच्या वीरकाव्यांत मुसलमान असेच येतात. 'रोलाँचं गीत' तर त्यांना मूर्तिपूजक ठरवून मोकळं होतं. मी तिला हेही सांगितलं की आपल्या 'दास्तान-ए-अमीर हमजा'त काळी जादू करणारे जादूगार नेहमी काफिरच असतात. मुळांबरोबर मातीही येते. वाचताना ती झटकायची की नाही, हे वाचणाऱ्यानं ठरवायचं.

भाची जूनमध्ये परत गेली. जाताना तिनं एक वही दाखवली. निजामीच्या हस्तलिखितातली काही पानं गहाळ आहेत, हे माझ्या तोंडून तिनं ऐकलं होतं. पोपट झालेला राजा पदमरावाला सापडेपर्यंत कुठे कुठे राहिला असेल, ते तिनं लिहायला घेतलंय. त्यात तो चिकूच्या वाडीत एक रात्र काढतो, आणि एका झोपडीत शिरतो तिथे भिंतीवर डोकं नसलेला घोडेस्वार आहे. बहमनी काळात डहाणूत चिकू नव्हता, हे माझ्या जिभेवर आलं होतं.

मी ते बोललो नाही. "मग पुढे?" एवढंच विचारलं.